शिट्टी आणि अंगठा

"रेषेवर थांबायचं नसतं. रेषा मागं टाकायची आणि मग थांबायचं," आत्या म्हणाली. मी तोवर तिच्या पायाशी मातीत आडवी झाले होते. मला उपदेश नको होता, आकडा हवा होता.

"किती?"

तिनं गळ्यातलं घड्याळ डोळ्यांपासून लांब धरलं आणि आकडा नीट वाचून घेतला. "दोन अठरा."

मी उठून बसले. आठशे मीटर, दोन मिनिटं अठरा सेकंद. निवड चाचणीला दोन वीसच्या आत यावं लागणार होतं आणि चाचणीला आठवडा उरला होता. मी अंगावरची माती झटकत म्हटलं, की आता बाबांना फोन करून टाक, वैजू काही तिकडं येत नाही म्हणून.

"चाचणी झाल्यावर बघू," आत्या म्हणाली. पण तिलाही आनंद झाला होता हे मला कळलं. हल्ली ती हसत नसे, तरी मला कळायचं.

मालन आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, मुलींच्या शाळेत ती पीटीच्या बाई होती. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं, आणि त्यावर आमच्या घरात कुणी बोलत नसे. माझे आईवडील बरेलीला. आमच्या भागातल्या अर्ध्या घरांसारखाच आमचाही गलाईचा धंदा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचा. त्या भट्टीच्या धुरात पोरीला कशाला वाढवायचं म्हणून मला पाचवीपासून आत्याकडं ठेवलेलं. आता मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते आणि बाबांनी शेजारच्यांच्या फोनवर निक्षून सांगितलं होतं, की महिनाअखेरीला न्यायला येतो. बरेलीच्या त्या गल्लीत मुली दूध आणायलासुद्धा एकट्या जात नसत, पळणं तर दूरच. यातून सुटायची एकच वाट होती, पुण्याचं सरकारी क्रीडा वसतिगृह. तिथं निवड झाली तर बाबा अडवणार नव्हते, असा शब्द आत्यानं त्यांच्याकडून घेतला होता. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हते. म्हणजे हीच एक चाचणी.

घड्याळाबद्दल सांगायला हवं. शाळेचं जुनं चावीचं घड्याळ होतं, ते तिनं कपाटात टाकलं आणि कोल्हापूरहून हे आकड्यांचं आणलं. काळं, पिवळ्या बटणांचं, गळ्यात अडकवायच्या दोरीसकट. पहिल्या दिवशी तिनं मला ते देवपूजा शिकवल्यासारखं शिकवलं होतं. उजवं बटण सुरू आणि बंद करायचं. डावं बटण घड्याळ चालू असताना दाबलं तर मधली वेळ दाखवतं. आकडे जागच्या जागी थांबतात, पण आत घड्याळ चालूच असतं, तेव्हा ते बिघडलं म्हणून आपटायचं नाही. सगळं बंद करून डावं दाबलं की पुन्हा शून्य. सुरू करण्याआधी शून्य बघितल्याशिवाय शिट्टी तोंडाला लावायची नाही. बटण अंगठ्याच्या टोकानं दाबायचं, पेरानं नाही, कारण पेराला उशीर होतो.

तळ्याकडच्या माळावर तिनं चुन्यानं दोनशे मीटरचं रिंगण आखलं होतं. आठवड्यातून तीन दिवस एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटं सावकाश, असं सहा वेळा पळायचं. जोर कधी धरायचा आणि कधी सोडायचा ते तिची शिट्टी सांगायची. मी एकदा म्हटलं, मला दमायला होतं ते घड्याळाला काय कळतंय? ती म्हणाली, घड्याळाला काही कळत नाही म्हणून तर ते बरंय, माणसाला कळतं आणि मग माणूस सूट देतो.

शनिवारी पूर्ण आठशे मीटर, वेळ लावून. माळावर आम्ही दोघीच असायचो. शिट्टी तिच्या तोंडात आणि घड्याळही तिच्याच हातात. मोठ्या मैदानावर पिस्तूल उडवणारा वेगळा, घड्याळं लावणारे वेगळे. आमच्याकडं सगळी खाती एकाच बाईकडं.

आणि बाईही तशी होती. तालुक्याच्या स्पर्धांत 'मालनबाईंचं घड्याळ' असं म्हणायची पद्धतच पडली होती. दोन शिक्षकांत वेळेवरून वाद झाला तर तिला हाक मारत, आणि तिनं आकडा सांगितला की दोघंही गप्प बसत. तिचा आकडा कधी कुणी पुन्हा मोजला नाही.

त्या वर्षी घरात काही गोष्टी बदलल्या होत्या, पण मी सोळा वर्षांची होते आणि सोळाव्या वर्षी माणूस स्वतःपलीकडं फार बघत नाही. माझी वेणी तीच घालायची, डोळे ताणले जातील इतकी घट्ट. दिवाळीनंतर एक दिवस म्हणाली, आता तुझी तू घाल, घोडी झालीस. ब्लाउजचे हूक लावायला मला हाक मारायला लागली. चालताना तिचा उजवा हात हलेना, अंगाला चिकटून राही. मी तिची टिंगलसुद्धा केली, काखेत काय लपवून चालतेस म्हणून. ती म्हणाली, "वय झालं." पन्नाशीही गाठली नव्हती तिनं.

चाचणीच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही जिल्ह्याच्या स्टेडियमवर गेलो. एवढं मोठं, आखलेलं रिंगण मी प्रथमच बघत होते. आत्यानं मला लिंबूसरबत पाजलं आणि सांगितलं, पहिल्या फेरीत कुणाच्या मागं लागू नकोस, तुझी वेळ तुला ठाऊक आहे. मग ती प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर शेवटच्या रेषेसमोर जाऊन बसली, हातात घड्याळ घेऊन.

मी जीव तोडून पळाले. यापेक्षा जास्त मला कधी पळता आलं नाही, पुढंही नाही. रेषा मागं टाकली, मगच थांबले. तिसरी आले, पण नंबराला तिथं महत्त्व नव्हतं. वेळेला होतं. मुख्य वेळाधिकारी बाबर सर तीन घड्याळं बघून आकडे पुकारत होते. माझा छातीवरचा नंबर आला आणि ते म्हणाले, "दोन एकवीस."

मला वाटलं त्यांनी दुसऱ्याच मुलीचा आकडा वाचला. मी पायऱ्यांकडं बघितलं. आत्या उठून खाली येत होती, आणि तिचा चेहरा हल्ली असायचा तसाच लाकडी होता, पण पावलं भराभर पडत होती. तिनं आपलं घड्याळ बाबर सरांच्या पुढं धरलं. दोन एकोणीस.

"बाई, आमची तीन घड्याळं आहेत," बाबर सर म्हणाले. आवाजात मान होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांना घड्याळ धरायला आत्यानंच शिकवलेलं.

"तिन्ही चुकू शकतात," आत्या म्हणाली.

बाजूला उभ्या असलेल्या एका तरुण वेळाधिकाऱ्याला हसू आलं. बाबर सरांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं हसू जागीच विझलं. मग त्यांनी तोडगा काढला. आता मुलांच्या शर्यती होत्या. आत्यानं त्यांच्याबरोबर उभं राहून वेळ लावायची. तिचं घड्याळ आणि त्यांची घड्याळं यात खरंच काही घोळ निघाला, तर मला दुपारी पुन्हा पळवायचं. आत्या म्हणाली, चालेल. माझ्या जिवात जीव आला. मालनबाईंचं घड्याळ. आता बघाच म्हटलं.

वेळ लावणाऱ्यांसाठी रेषेजवळ लाकडी पायऱ्यांचा चौथरा असतो, एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याला दिसावं म्हणून. आत्या वरून दुसऱ्या पायरीवर उभी राहिली. मी खाली, बाजूला, गवतात. रेषेपलीकडं पिस्तूल उडालं, पोरं पळाली, दोन फेऱ्या मारून रेषेवर आली. तिघांची घड्याळं जवळजवळ सारखी. आत्याचं दोन सेकंदांनी कमी.

घड्याळाचा सेल गेला असेल, असं तो तरुण म्हणाला, आता मात्र गंभीरपणे. बाबर सरांनी आपलं स्वतःचं घड्याळ आत्याला दिलं आणि तिचं आपण घेतलं. पुढच्या शर्यतीची पोरं रेषेवर वाकली. त्या वेळी मी पोरांकडं बघत नव्हते. मी आत्याच्या हाताकडं बघत होते, कारण माझं सगळं भवितव्य तिथं होतं.

पिस्तुलाचा धूर उठला. तिघांचे अंगठे एकदम पडले. आत्याचा अंगठा बटणावर होता, टोकानंच टेकलेला, तिनं मला शिकवला तसा. तो हलला नाही. तिची मान मात्र पुढं झुकली, जड दार ढकलताना माणूस झुकतो तशी. ओठ आवळले गेले. आणि मग अंगठा पडला.

शर्यत संपताना असं झालं नाही. पोरगं लांबून येताना दिसत होतं, आत्या त्याच्याबरोबर आतून पळत होती आणि त्यानं छाती टाकली तेव्हा तिचा अंगठा वेळेवर पडला. शेवट येताना दिसतो. सुरुवात मात्र अचानक असते. हे मला तिथंच, गवतात बसल्या बसल्या, स्वच्छ कळलं. म्हणजे माळावरचे ते सगळे शनिवार. तिथं तर शिट्टीही तीच मारायची. आधी शिट्टी, मग अंगठा.

बाबर सरांनी दोन्ही घड्याळं बघितली. त्यांच्या हातात आता आत्याचं घड्याळ होतं आणि ते इतर दोघांशी बरोबर जुळत होतं. त्यांचंच घड्याळ आत्याच्या हातात दोन सेकंद मागं पडलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही. माझी खात्री आहे, त्यांनीही तो अंगठा बघितला होता. त्यांनी इतर दोघांना चहा घेऊन यायला पाठवलं आणि ते आत्याच्या जवळ गेले. मी तिथं आहे हे ते विसरले असावेत, किंवा मी ऐकावं असंच त्यांना वाटलं असेल.

"बाई, पोरीची वेळ मी दोन एकोणीस धरतो," ते हळूच म्हणाले. "तुमचं घड्याळ म्हणून. कुणी विचारणार नाही. दुसरंही काही विचारणार नाही."

आत्यानं त्यांचं घड्याळ परत केलं. दोरी गळ्यातून काढताना तिच्या अंबाड्यात अडकली आणि तिला ती सोडवता येईना. बाबर सरांनी मदतीला हात पुढं केला आणि मागं घेतला. मी जागची हलले नाही. मी मनात म्हणत होते, हो म्हण. आत्या, नुसतं हो म्हण.

ते दोघं चहा घेऊन आले. आत्यानं कप घेतला नाही.

"मुलीची वेळ दोन एकवीस आहे," ती त्या तिघांना म्हणाली, शाळेच्या मैदानावर बोलायची त्याच आवाजात. "तुमची घड्याळं बरोबर आहेत. माझा अंगठा उशिरा पडतोय."

तो तरुण आपल्या चहाकडं बघत राहिला. बाबर सर म्हणाले, बाई, बसा थोडं. ती बसली नाही. तिनं बाबर सरांकडून आपलं घड्याळ घेतलं, माझे बूट उचलले आणि मला म्हणाली, चल.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. रडत नव्हते. मला राग आला की रडू येत नाही, नुसते कान तापतात. आमच्या फाट्याच्या अलीकडं मला राहवलं नाही.

"हात दाखवून अवलक्षण केलंस," मी म्हटलं. "ते देत होते. तुझं काय जात होतं?"

"माझं काही जात नव्हतं," आत्या म्हणाली. "पुण्याला रोज घड्याळ लावणार होते, वैजू. दुसऱ्याच दिवशी दोन एकवीस आलं असतं. तिसऱ्या दिवशी पण. तुला वाटलं असतं, आपण हळू झालो. तू स्वतःलाच खाल्लं असतंस. खरं कारण कुणी सांगितलं नसतं."

"तू सांगितलं असतंस."

"आज मैदानावर गप्प बसले असते, तर नंतर कुठल्या तोंडानं सांगितलं असतं?"

थोड्या वेळानं मी विचारलं, हे केव्हापासून. ती म्हणाली, दिवाळीपासून. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, गोळ्या चालू होत्या. पिठाच्या डब्यामागं ठेवत होती, मला दिसू नयेत म्हणून. आजाराचं नावही तिनं सांगितलं. ते मी तेव्हा प्रथमच ऐकलं. अंग हळूहळू आखडत जातं, यातून बरं होत नाही, फक्त सावकाश वाढावं अशी आशा ठेवायची असते, हे तिनं मला दुधाचा भाव सांगावा तसं सांगितलं.

"मग घड्याळ कशाला धरायचंस तू?" मी म्हटलं. मला वाईट बोलायचं होतं आणि मी बोलले.

एसटी फाट्यावर थांबली, लोक उतरायला लागले. तेव्हा ती म्हणाली, "वेणी गेली, हूक गेले. वाटलं, बाकी सगळं गेलं तरी हे जायचं नाही. इतकी वर्षं केलंय."

त्या रात्री आम्ही जेवलो आणि झोपलो. शेजाऱ्यांकडून बाबांना निरोप गेला होता. त्यांचाही आला, तिकिटं काढतो म्हणून. आता आत्या या घरात एकटी राहणार, हे माझ्या तो निरोप ऐकल्यावर लक्षात आलं. तिला ते मैदानावरच ठाऊक असणार. चहाचा कप नाकारताना तिला ते ठाऊक होतं.

सकाळी मी मुद्दाम उठले नाही. पळून करायचं काय होतं? आत्याची पावलं वाजली, दार वाजलं. मी डोक्यावरून पांघरूण घेतलं. थोड्या वेळानं माळावरून शिट्टी ऐकू आली. मग पुन्हा. मग पुन्हा. सुट्टीत शाळेच्या पोरी येत नसत. मी ऐकत पडून राहिले, आणि शेवटी चप्पल घालून निघाले. राग होताच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

माळावर कुणी नव्हतं. चुन्याचं रिंगण पुसट झालेलं. आत्या आमच्या सुरुवातीच्या रेषेशी उभी होती. ती घड्याळ बघायची, शून्य करायची, शिट्टी तोंडाला लावायची, वाजवायची आणि अंगठा दाबायची. मग हात लांब धरून बघत राहायची, जणू घड्याळ तिला काही सांगणार होतं. ते काय सांगणार, त्याला पुढचे आकडे तेवढे ठाऊक. पुन्हा शून्य. पुन्हा शिट्टी.

"कुणाला पळवतेयस?" मी विचारलं.

ती दचकली नाही. "डॉक्टर म्हणाले, जे जड जातं तेच रोज करायचं. मोजून. तोच व्यायाम." मग जराशानं म्हणाली, "पण मला कळत नाही गं. मला वाटतं, मी बरोबरच दाबलं. दर वेळी बरोबरच वाटतं. कालही वाटलं होतं."

मी तिच्या अंगठ्याकडं बघितलं.

"तू समोर उभी राहा," ती म्हणाली. "शिट्टी आणि अंगठा, दोन्ही बघ. एकदम झालं तर जमलं म्हण. नाही तर उशीर म्हण. जाईपर्यंत तेवढं कर माझ्यासाठी."

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. इतक्या जवळून मी तिला बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. केस विस्कटलेले होते, आणि शिट्टी धरलेल्या दातांच्या कडेला लाळ आली होती. ती तिनं पदरानं पुसली. मला तिचा राग आला, तिची दया आली, आणि मला तिला सोडून बरेलीला जायचं नव्हतं, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं. वसतिगृहाचं नव्हे, पळण्याचं नव्हे, तिचंच दुःख होतं ते.

तिनं शून्य बघितलं. शिट्टी वाजली. तिची मान पुढं झुकली. मग अंगठा पडला.

तिनं माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत तीच घाई होती, मातीत आडवी पडून 'किती?' विचारताना माझ्या डोळ्यांत असायची ती. एक शब्द बोलायचा होता आणि तिचा चेहरा उजळणार होता. माळावर आम्हा दोघींशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"उशीर, आत्या," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, शून्य केलं आणि शिट्टी पुन्हा तोंडाला लावली.